प्रॉडक्ट ओनर व्हायचंय? आधी मोंढ्यात जाऊन उभे राहा

छत्रपती संभाजीनगरला टेस्टर किंवा सपोर्टला असलेला, लातूर-नांदेडहून बीसीए-एमसीए करून बाहेर पडलेला, किंवा वाळूजच्या कारखान्यात चार वर्षं ईआरपी (कारखान्याचं हिशोब-साठ्याचं सॉफ्टवेअर) सांभाळलेला माणूस प्रॉडक्ट ओनर, म्हणजे सॉफ्टवेअर टीमने आधी काय करायचं ते ठरवणारा, व्हायचं मनावर घेतो, तेव्हा सगळ्यात आधी सर्टिफिकेटची फी विचारतो. हा क्रम उलटा आहे. सर्टिफिकेट एका तासाच्या परीक्षेत मिळतं. पाच जण पाच गोष्टी मागत असताना ‘आधी ही, मग ती, आणि तिसरी या हंगामात नाहीच’ असं सांगायची, आणि त्याचं कारण समोरच्याला पटेल अशा आकड्यांत मांडायची सवय मात्र हळूहळू लागते. पुढचा आराखडा त्या सवयीसाठी आहे. आठवड्याला आठ-दहा तास काढले तर दहा आठवडे पुरतात. नोकरी सोडायची गरज नाही, कोडिंग यायची अटही नाही.

आधी काम कोणतं ते नीट समजून घ्या

प्रॉडक्ट ओनर हे पद स्क्रम या टीमने थोड्या थोड्या टप्प्यांत काम करायच्या पद्धतीतलं. तिची नियमपुस्तिका, स्क्रम गाइड, फुकट मिळते आणि पंधरा पानांच्या आत आहे. पहिली आवृत्ती २०१० ची, सध्या चालते ती नोव्हेंबर २०२० ची. पहिल्या दिवशी एका बैठकीत वाचून काढा आणि त्यातल्या चार गोष्टी वहीत लिहा. प्रॉडक्ट ओनर एक माणूस असतो, समिती नसते. टीमच्या कामातून जास्तीत जास्त मूल्य निघावं याची जबाबदारी त्याची. प्रॉडक्ट बॅकलॉगचा, म्हणजे करायच्या कामांच्या यादीचा, क्रम तो ठरवतो. बाकीच्यांना क्रम बदलून हवा असेल तर त्यांनी त्याला पटवायचं. आणि स्प्रिंट (ठरावीक दिवसांचा कामाचा टप्पा) मधेच रद्द करायचा अधिकार फक्त त्याला आहे, तोही स्प्रिंटचं उद्दिष्टच कालबाह्य झालं तर.

प्रत्यक्षात मात्र सेवा देणाऱ्या कंपन्यांत ‘प्रॉडक्ट ओनर’ नावाचा माणूस बहुतेक वेळा निरोप्या असतो. ग्राहक पुण्यात नाही तर परदेशात, निर्णय त्याचा, आणि हा मधल्या मधे प्रश्न तिकडे पाठवतो, उत्तर इकडे आणतो. एका प्रश्नाचं उत्तर यायला दोन दिवस लागले, की दहा दिवसांच्या स्प्रिंटमध्ये पाच प्रश्नांतच सगळा वेळ जातो. अशी भूमिका पदरात पडली तर पहिल्याच आठवड्यात ग्राहकाकडून लेखी मर्यादा घ्या: कोणते निर्णय तुम्ही एकट्याने घ्यायचे (शब्दरचना, चुकीचे मेसेज, रिपोर्टमधले कॉलम), कोणते विचारून (पैशाचे नियम, कायदेशीर बाबी), आणि किती तासांत उत्तर आलं नाही तर तुम्ही ठरवलेलं चालेल. हे एक पान नसेल तर पदाचं नाव काहीही असो, काम कारकुनीचंच राहतं.

सरावाला प्रॉडक्ट निवडा, आणि जवळचंच निवडा

शिकताना लोक हटकून जेवण मागवायचं ॲप नाही तर ऑनलाइन दुकान घेतात. त्यात शिकायला काही मिळत नाही, कारण त्याची उत्तरं सगळ्यांना तयार माहीत असतात. सरावाचं प्रॉडक्ट असं हवं की तिथे पैसा किंवा वजन हातातून हातात जातं, निदान तीन वेगळ्या प्रकारची माणसं त्यात गुंतलेली असतात, तेच काम रोज पुन्हा होतं, आणि तुम्ही तासाभरात तिथे पोहोचू शकता. लातुरातल्या क्लासची फी-वसुली चालेल, उन्हाळ्यातल्या टँकरच्या खेपा चालतील, जालन्याच्या एखाद्या कारखान्याचा गेटपास चालेल. इथे उदाहरणाला घेतलंय ते शेतकरी उत्पादक कंपनीचं सोयाबीन संकलन केंद्र: शेतकरी माल आणतो, काटा होतो, ओलावा मोजतात, पट्टी (वजन, कपात आणि रकमेच्या हिशोबाचा कागद) बनते, पैसे खात्यावर जातात. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, आडतीवरही थोड्याफार फरकाने असंच चालतं.

हंगामाचं भान ठेवा. आपल्याकडे सोयाबीन सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात निघतं. सराव जुलैत सुरू केला तर जुन्या पट्ट्या आणि निवांत माणसं मिळतात, आणि राशी सुरू व्हायच्या सुमारास तुमचा पहिला नमुना तयार असतो. ऐन आवकेच्या दिवशी वही घेऊन गेलात तर कोणी ढुंकूनही बघणार नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

पहिले दोन आठवडे: बघायचं, विचारायचं, सुचवायचं नाही

तीन सकाळी जा. पहिल्या दिवशी नुसतं बघा: गाडी दारात आल्यापासून शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडेपर्यंत काय काय होतं, प्रत्येक टप्प्याला घड्याळ लावून. माणूस कुठे खोळंबतो, कोण कोणाला हाक मारतो, तोच आकडा किती ठिकाणी लिहिला जातो. काट्यावरची चिठ्ठी, मग रजिस्टर, मग पट्टीबुक, मग संध्याकाळी एक्सेल असा एकच वजनाचा आकडा चार वेळा लिहिला जात असेल, तर चुका व्हायच्या जागा तिथेच सापडल्या.

दुसऱ्या दिवशी विचारा, पण ‘असं ॲप दिलं तर वापराल का?’ हे विचारू नका. त्याला आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही; पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? झालेल्या गोष्टीबद्दल विचारा. “मामा, मागच्या वेळी पट्टी दुरुस्त करावी लागली ती कशामुळं?” “काका, गेल्या साली पैसे किती दिवसांनी पडले? तवर काय केलं?” झालेल्या गोष्टीत तारीख असते, रक्कम असते, राग असतो. ‘झालं तर बरं होईल’ या उत्तरात यातलं काही नसतं.

तिसऱ्या दिवशी कागद मागा. जुन्या तीस पट्ट्यांचे फोटो घ्या, नाव आणि खाते क्रमांक झाकून. किती ठिकाणी खाडाखोड आहे, कोणत्या रकान्यात आहे, मोजा. तीसपैकी नऊ पट्ट्यांवर खाडाखोड आणि त्यातल्या सात ओलाव्याच्या कपातीत, असं निघालं तर बॅकलॉगच्या डोक्यावर काय असावं हे कोणाला विचारायची गरज उरत नाही.

याच आठवड्यात शब्दांची वही सुरू करा. ‘कट्टा’ म्हणजे किती किलो? कुठे पन्नास, कुठे साठ. ‘उचल’ म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, पण बेंगळुरूत बसलेला डेव्हलपर त्याचा अर्थ माल उचलणं असा घेईल. ‘पट्टी’, ‘बारदान’, ‘हमाली’, ‘तोलाई’ यांचा अर्थ, एकक आणि एकेक उदाहरण लिहा. चाळीस शब्दांची ही वही पुढे टीमचा निम्मा गोंधळ वाचवते. या शब्दांचं इंग्रजी करायच्या भानगडीत पडू नका. स्क्रीनवर आणि कोडच्या चर्चेत ‘पट्टी’ला पट्टीच म्हणू द्या.

एक वाक्य, ज्याच्यावर बाकी सगळं तोलायचं

आता प्रॉडक्ट गोल, म्हणजे प्रॉडक्टचं उद्दिष्ट. ‘केंद्र डिजिटल करणे’ हे उद्दिष्ट होत नाही, कारण ते कधी पूर्ण झालं हे कोणालाच सांगता येणार नाही. असं लिहा: ‘दिवाळीपर्यंत काटा झाल्यापासून दहा मिनिटांत शेतकऱ्याच्या हातात छापील पट्टी पडेल, आणि तिच्यातली प्रत्येक कपात त्याला स्वतः ताडून बघता येईल.’ यात तारीख आहे, मोजमाप आहे, आणि कोणासाठी तेही आहे. नवी मागणी आली की या वाक्याशेजारी धरायची. जवळ नेत नसेल तर खाली.

बॅकलॉग: एकाखाली एक, दोन नंबर सारखे नाहीत

सुरुवातीला पंचवीस ते चाळीस नोंदी पुरतात. साधी गुगल शीट चालते. जिरा हे कामं नोंदवायचं सॉफ्टवेअरही दहा जणांपर्यंत फुकट आहे, पण पहिला महिना त्याच्या सेटिंगमध्ये घालवू नका. एकच नियम कडक पाळा: ‘हाय’, ‘मीडियम’, ‘लो’ असे रकाने करायचे नाहीत. केले की आठवड्याभरात सगळंच ‘हाय’ होतं. १, २, ३ असा सरळ क्रम. दोन गोष्टी एकाच नंबरावर बसवायचा मोह होतो, तिथेच खरं काम सुरू होतं.

क्रम लावताना चार प्रश्न: वापरणाऱ्याला फायदा किती, उशीर झाला तर नुकसान किती, हे केल्याने पुढची कोणती अनिश्चितता मिटते, आणि मेहनत किती. पहिल्या दोहोंना १, २, ३, ५, ८ असे गुण द्या, मेहनतीचे गुण टीमकडून घ्या, बेरजेला मेहनतीने भागा. समजा छापील पट्टी: फायदा ८, तातडी ८, मेहनत ५, म्हणजे ३.२. रोजच्या भावाचा मेसेज: ५ आणि ५, मेहनत २, म्हणजे ५. कंपनीच्या अध्यक्षांना हवा तो डॅशबोर्ड (सगळे आकडे एकत्र दाखवणारा पडदा): ३ आणि १, मेहनत ८, म्हणजे अर्धा.

आकड्यांवर जाऊन भावाचा मेसेज आधी करायला निघालात तर फसाल. मेसेज पाठवायला शेतकऱ्यांचे मोबाईल नंबर लागतात, आणि ते नोंदवले जातात पट्टी करताना. म्हणजे आधी पट्टी, लगेच मागून मेसेज. हे गणित उत्तर देत नाही. वाद कशावर घालायचा ते दाखवतं. अध्यक्षांनी तातडीला १ ऐवजी ५ म्हटलं तर विचारा, ‘महिनाभर नसला तर काय बिघडेल?’ त्या उत्तरातून जे निघेल ते गुणांपेक्षा मोलाचं.

एक स्टोरी, शेवटच्या पैशापर्यंत

बॅकलॉगमधली एकेक गरज वापरणाऱ्याच्या तोंडून लिहितात, तिला स्टोरी म्हणतात. स्टोरी लिहायला सगळे शिकतात, पण बहुतेकांच्या स्टोरीत नुसतं वाक्य असतं: ‘शेतकरी म्हणून मला ओलाव्याची कपात दिसावी, म्हणजे हिशोब पटेल.’ हे वाक्य म्हणजे चर्चेची आठवण करून देणारी चिठ्ठी. काम पूर्ण झालं की नाही हे ठरतं ते खालच्या स्वीकृतीच्या अटींवर, म्हणजे टीम ज्याला ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया म्हणते त्यावर. त्या अटी खऱ्या आकड्यांनी लिहायची सवय लावा.

उदाहरण घ्या. केंद्राचा नियम असा धरू: ओलावा १२ टक्क्यांपर्यंत कपात नाही, त्यापुढे प्रत्येक टक्क्याला क्विंटलमागे १ किलो. शेतकऱ्याने २० कट्टे आणले, काट्यावर भरले १,२१२ किलो. बारदान, म्हणजे रिकामं पोतं, कट्ट्याला ६०० ग्राम, म्हणजे १२ किलो वजा. निव्वळ १,२०० किलो, १२ क्विंटल. ओलावा १४ टक्के, म्हणजे २ टक्के जास्त, १२ क्विंटलला २४ किलो कपात, उरले ११.७६ क्विंटल. भाव ४,५०० धरला तर ५२,९२० रुपये. हमाली कट्ट्याला ८ रुपयांप्रमाणे १६०, उचल १०,०००. हातात ४२,७६०. ही अट जशीच्या तशी स्टोरीत लिहा. टेस्टरला यापेक्षा स्पष्ट काही लागत नाही, आणि शेतकरीही हीच बेरीज बोटांवर करून बघणार आहे.

आता खोच. मीटरवर १३.४ आलं तर? टक्क्याचा भाग धरायचा की वरचा पूर्ण टक्का? १.४ धरला तर कपात १६.८ किलो. वरचा पूर्ण, म्हणजे २ धरला तर २४. फरक ७.२ किलोचा, ४,५०० च्या भावाने ३२४ रुपयांचा, एका शेतकऱ्याचा, एका खेपेचा. हे तुम्ही ठरवून ठेवलं नाही तर संध्याकाळी सातला कोडमध्ये डेव्हलपर ठरवेल, आणि तो बहुधा सोयीचं ठरवेल. पुढे काट्यावर भांडण होईल ते त्याच्याशी नाही. प्रॉडक्ट ओनरचं काम इथे आहे: काटेवाल्याला विचारा प्रत्यक्षात काय करतात, संचालकांना विचारा नियम काय आहे, दोन्ही वेगळे निघाले (निघतातच) तर एक ठरवून घ्या आणि तारखेसह लिहून ठेवा.

नियमातला आकडा कोडमध्ये गाडू नका, हेही अटीत लिहा. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली, आणि तीही ऐन खरेदीच्या दिवसांत. १२ हा आकडा ज्यांनी सेटिंगमध्ये ठेवला त्यांचं काम पाच मिनिटांचं. कोडमध्ये दहा ठिकाणी लिहिलेला असेल तर आठवडा जातो आणि दहापैकी एक जागा राहूनच जाते.

स्टोरी मोठी झाली तर आडवी कापू नका. ‘आधी डेटाबेस, मग स्क्रीन, मग छपाई’ असं कापलं तर तीन स्प्रिंट वापरणाऱ्याच्या हातात काहीच पडत नाही. उभी कापा: आधी कोरड्या मालाची, बिनउचलीची पट्टी, अगदी कागदावर छापून येईपर्यंत. मग ओलाव्याची कपात. मग उचल. मग एकाच गाडीत दोघा भावांचा माल असला तर दोन पट्ट्या. पहिल्या तुकड्यावरच केंद्राच्या काही गाड्यांचं काम निभावतं आणि चुका स्वस्तात कळतात.

रिफाइनमेंटला किती वेळ

रिफाइनमेंट म्हणजे बॅकलॉगमधलं पुढचं काम फोडून तपशिलात लिहिणं. पुढच्या दोन स्प्रिंटपुरतं काम तपशिलात तयार ठेवा, त्यापलीकडचं एकेका ओळीत असू द्या. सहा महिन्यांचं सगळं आत्ताच बारकाईने लिहून ठेवणारे लोक मेहनती दिसतात, पण त्यातलं बरंचसं हंगाम बदलला की रद्दीत जातं. स्क्रम गाइडच्या जुन्या आवृत्त्यांत रिफाइनमेंटला टीमच्या क्षमतेच्या १० टक्क्यांपर्यंत असा अंदाज दिलेला होता. २०२० मध्ये तो काढला, पण अंदाज म्हणून अजून उपयोगी आहे. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये माणशी एक दिवस, त्याहून जास्त नाही. आठवड्यातून एकदा तासभर बसा, पाच-सहा स्टोरी घ्या. एका स्टोरीवर पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वाद चालला तर तुमची माहिती अपुरी आहे असं समजा. चर्चा थांबवा आणि काट्यावर जाऊन विचारून या.

स्प्रिंटचे दिवस

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून सराव स्प्रिंटमध्ये करा. दोघे-तिघे मित्र जमवा. कोड लिहिणारं कोणी नसेल तरी गुगल फॉर्म, शीट आणि छपाईचा एक नमुना एवढ्यावर पहिले दोन स्प्रिंट चालतात.

एक महिन्याच्या स्प्रिंटला प्लॅनिंग जास्तीत जास्त आठ तास, रिव्ह्यू (झालेलं काम संबंधितांना दाखवायची बैठक) चार, रेट्रोस्पेक्टिव्ह (टीमने आपल्या कामाच्या पद्धतीवर बोलायची बैठक) तीन, आणि डेली स्क्रम (रोजची छोटी बैठक) पंधरा मिनिटं अशी गाइडची मर्यादा आहे. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला पहिल्या तिन्हींचं साधारण निम्मं धरा. प्लॅनिंगला तुम्ही न्यायच्या दोन गोष्टी: क्रम लावलेला बॅकलॉग आणि ‘हा स्प्रिंट कशासाठी’ याचं एक वाक्य. किती काम घ्यायचं ते डेव्हलपर ठरवतात. ‘एवढं तर व्हायलाच पाहिजे’ म्हणून दोन स्टोरी वरून लादल्या, की त्या होतात खऱ्या, पण टेस्टिंग कापून होतात.

डेली स्क्रम डेव्हलपरांची असते. तिथे प्रॉडक्ट ओनर हजेरीमास्तर होऊन बसला की सगळे त्याच्याकडे बघून बोलायला लागतात, एकमेकांशी बोलत नाहीत. गेलात तर ऐका, आणि ‘तुमचं उत्तर हवंय’ असं कोणी म्हटलं तर त्याच दिवशी द्या. स्प्रिंट चालू असताना तुमच्याकडून सगळ्यात जास्त लागतं ते हेच, वेळेवर उत्तर.

‘बघू’ हा शब्द सोडा

आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटतं, म्हणून आपण ‘बघू’, ‘करू की’, ‘होऊन जाईल’ म्हणतो. बोलणाऱ्याच्या मनात ते नाही असतं, ऐकणाऱ्याच्या कानात हो पडतं, आणि महिन्याभराने बैठकीत ‘तुम्हीच म्हणाला होता’ निघतं. प्रॉडक्ट ओनरचे निम्मे तंटे या एका शब्दातून येतात, असं म्हटलं तरी फार चुकणार नाही.

‘नाही’ म्हणायचं तर त्यात तीन गोष्टी हव्यात: मागणी समजली हे, आज का नाही हे, आणि घ्यायचीच तर कोणती गोष्ट मागे जाईल हे. मोठ्याने बोलून सराव करा, आरशासमोर केला तरी चालेल.

“साहेब, डॅशबोर्ड लागणार आहे, त्यात दुमत नाही. पण आज त्यात दाखवायला खरे आकडे नाहीत, निम्म्या पट्ट्या अजून वहीतच आहेत. पट्टी आधी झाली तर हेच काम पुढं थोडक्यात होईल. तरी तुम्हाला आधीच पाहिजे असेल, तर ओलाव्याची कपात पुढच्या स्प्रिंटला ढकलावी लागेल. ढकलू का?”

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. मोठ्या माणसाचा मान राहतो आणि किंमत त्याच्यासमोर येते. त्यावरही तो ‘ढकला’ म्हणाला तर तारीख घालून नोंद करा आणि ढकला. कधी कधी त्याच्याकडे तुम्हाला नसलेली माहिती असते.

व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री दहाला आलेल्या मागणीला उत्तर एकच: ‘नोंद घेतली, बॅकलॉगमध्ये अमुक नंबरला टाकली, मंगळवारी बोलू.’ आणि खरंच टाका. नोंद न करता विसरण्यावर भरवसा ठेवलात तर मागणारा थेट डेव्हलपरला फोन करायला शिकतो. एकदा तो रस्ता पडला की बंद करणं अवघड.

रिव्ह्यू काट्याशेजारी

रिव्ह्यू म्हणजे पडद्यावर डेमो दाखवून टाळ्या घेणं नव्हे. केंद्रावर करा, काटेवाल्याच्या हातात मोबाईल द्या आणि तुमचे हात मागे बांधा. तो अडकला की ‘तिथं दाबा’ म्हणायची ऊर्मी येईल, दाबून टाका. तो कुठे थांबला, कुठे चुकून मागे गेला, हे लिहिणं एवढंच तुमचं काम.

ऑफिसात कधीच न दिसणाऱ्या गोष्टी इथे निघतात. पत्र्याच्या शेडबाहेर उन्हात फिकट अक्षरं वाचता येत नाहीत. भुश्शाने माखलेल्या बोटाला छोटं बटण सापडत नाही. रेंज जाते, आणि जाते ती नेमकी गर्दीच्या वेळी. म्हणून नेट नसताना पट्टी निघालीच पाहिजे आणि रेंज आल्यावर तीच पट्टी दोनदा चढता कामा नये. सातबाऱ्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव तीन तऱ्हेने लिहिलेलं असतं, त्यामुळे नावावर शोध घेतला तर चुकीच्या माणसाचं खातं निघू शकतं. ओलावा मोजताना एकाच गाडीच्या तीन कट्ट्यांत तीन आकडे येतात. सरासरी घ्यायची की जास्तीचा, हा प्रश्न कोणाच्याही स्टोरीत नसतो. अशा प्रत्येक निरीक्षणाची बॅकलॉगमध्ये नोंद होते, पण आपोआप वरचा नंबर मिळत नाही. रिव्ह्यूत निघालं म्हणून लगेच करायचं, ही सवय लागली की क्रम तुमच्या हातातून गेला.

वापरायला दिलं, पुढे काय?

पट्टी वापरात आली की काम संपलं असं टीमला वाटतं. तुम्ही सुरुवातीला मोजलेले तेच आकडे पुन्हा मोजा: काटा ते पट्टी किती मिनिटं, तीस पट्ट्यांत किती दुरुस्त्या, वहीतली पट्टी अजून किती वेळा निघते. तिसरा आकडा बोलका असतो. ॲप असून लोक वहीकडे परत जात असतील तर कुठेतरी ते वहीपेक्षा हळू आहे. सवय, शिक्षण, वय यांच्यावर खापर फोडू नका. पुन्हा घड्याळ लावून बघा. वही उघडून लिहायला चाळीस सेकंद आणि ॲपला दोन मिनिटं लागत असतील तर काटेवाल्याचं बरोबर आहे. वापरात नसलेलं फीचर काढून टाकायची शिफारसही तुम्हीच करायची, स्वतः आग्रहाने करून घेतलेलं असलं तरी.

सर्टिफिकेट कधी, कोणतं

आठव्या आठवड्यानंतर. स्क्रम डॉट ऑर्ग या संस्थेची पीएसपीओ-१ ही प्रॉडक्ट ओनरची परीक्षा घरून देता येते: ६० मिनिटांत ८० प्रश्न, पास व्हायला ८५ टक्के, म्हणजे बारापर्यंत चुका चालतात. क्लास सक्तीचा नाही, आणि मिळालेलं प्रमाणपत्र कालबाह्य होत नाही. फी डॉलरमध्ये असते, भरायच्या दिवशीचा आकडा साइटवर बघा. स्क्रम अलायन्स या दुसऱ्या संस्थेच्या सीएसपीओ या प्रमाणपत्रासाठी मान्यताप्राप्त प्रशिक्षकाचा क्लास करावा लागतो आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरण असतं. खिशातून पैसे जाणार असतील तर पहिलं घ्या. कंपनी भरणार असेल तर दुसऱ्याच्या क्लासमध्ये चर्चा चांगली होते.

पीएसपीओच्या तयारीला गाइड तीनदा वाचा. वाचताना ‘पाहिजे’ आणि ‘शकतो’ यांतला फरक बघा, कारण प्रश्न तिथेच फसवतात. मग त्याच साइटवरची फुकटची प्रॉडक्ट ओनर चाचणी सलग तीन वेळा शंभर टक्के येईपर्यंत द्या. सराव झालेल्या माणसाची एक अडचण होते: तो आपल्या ऑफिसात जे चालतं ते उत्तर देतो. परीक्षेत मात्र गाइड काय म्हणतं तेच विचारलेलं असतं.

मुलाखतीला काय न्यायचं

पाच कागद: टप्प्यांच्या वेळा लिहिलेलं निरीक्षणाचं पान, प्रॉडक्ट गोलचं वाक्य, क्रम लावलेला बॅकलॉग (सुरुवातीचा आणि शेवटचा, दोन्ही), आकड्यांच्या अटींसह एक स्टोरी, आणि आधी-नंतरच्या मोजमापाचा तक्ता. केंद्राचं नाव आणि शेतकऱ्यांचे तपशील काढून टाका. बॅकलॉगच्या दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या की समोरचा हटकून विचारतो, ‘हे चौथ्या नंबरचं तेविसाव्यावर का गेलं?’ त्याचं उत्तर तारखेसह देता आलं पाहिजे. ते पाठ करायला जाऊ नका. बॅकलॉगमध्ये ‘क्रम का बदलला’ असा एक रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा आणि बदल केला त्याच संध्याकाळी एक ओळ लिहा.